माया सोडून कापावे



आजचा विषय मी निवडलेला नाही. तळेघरहून आलेल्या एका पत्राने तो माझ्या हाती दिला आहे. घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणारा रस्ता डिंभ्याचे धरण मागे टाकून डोंगराच्या अंगाने वर चढू लागला, म्हणजे आंबेगाव तालुक्याचा भातखाचरांचा आणि हिरड्याच्या झाडांचा मुलूख लागतो. तळेघर हे त्याच मुलुखातील गाव होय.

पत्र लिहिणारी भगिनी एका लहानग्याची आत्या आहे. भाच्याचा पहिला वाढदिवस संक्रांतीनंतर आठ दिवसांनी येतो, आणि त्याच दिवशी त्याचे बोरन्हाणही करावे असे घरात ठरले आहे. भावाचे म्हणणे असे की कपडे, हलव्याचे दागिने आणि केक ही तिन्ही खाली मंचरच्या बाजारातून आणावीत. पैसे टाकले की काम झाले. आत्याबाईंच्या मनात मात्र निराळेच आहे. मुलाची आजी, म्हणजे त्यांची आई, नातवाचे तोंड पाहण्यापूर्वीच गेली. तिचे तांबड्या काठाचे एक काळे सुती लुगडे तेवढे पेटीत राहिले आहे. त्या लुगड्याचे झबले नातवाच्या अंगावर चढावे, दागिने आपल्या हातचे असावेत, आणि केकही घरच्या नाचणीचा असावा, अशी त्यांची इच्छा आहे. त्या लिहितात, "मला सुई धरता येते आणि बटण लावता येते, त्यापलीकडे माझे शिवणकाम गेलेले नाही. केक आजवर खाल्ला आहे, केलेला नाही. आईच्या लुगड्याला कात्री लावायला बसले की हात थांबतो. चुकले तर दुसरे लुगडे कोठून आणू?"

ह्या शेवटच्या प्रश्नापाशी मी पुष्कळ वेळ थांबले. हात थांबतो ह्यात ह्या भगिनीने कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. घरगुती कलाकुसरीच्या प्रत्येक कामात काही पायऱ्या परतीच्या असतात आणि एखादी बिनपरतीची असते. टाका उसवता येतो. कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. ताटावर काढलेली साखरेची नक्षी पुसता येते; भट्टीवर चढलेले केकचे पीठ पुन्हा पातेल्याबाहेर काढता येत नाही. नवशिक्या हातांची बहुतेक फजिती होते ती ह्या दोन पायऱ्यांतील भेद न ओळखल्यामुळे. परतीच्या पायरीवर त्या उगाच घाबरतात आणि बिनपरतीच्या पायरीवरून धावत जातात.

आपल्या शिंपीलोकांनी ह्यावर एक उपाय फार पूर्वी शोधून ठेवला आहे, आणि त्याला नावही मोठे गोड दिले आहे. कापड बेतताना शिवणीसाठी आणि पुढेमागे सैल करण्यासाठी जी जादा पट्टी सोडतात, तिला ते 'माया' म्हणतात. मापाबरहुकूम कापलेले कापड शिवणीत जाऊन तोकडे होते. माया सोडून कापलेले कापड चूक पोटात घालते. आज मी तीन कामांची जी माहिती सांगणार आहे, तिचे सार ह्या एका शब्दात आहे. कापडात माया सोडावी, दोऱ्यात सोडावी, पातेल्यात सोडावी, आणि सर्वांत अधिक ती दिवसांच्या हिशेबात सोडावी.

प्रथम लुगडे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. वर्षाच्या मुलाच्या झबल्याला एक मीटरसुद्धा लागत नाही. म्हणजे ज्या कात्रीला आपण भितो, ती आईच्या लुगड्याच्या आठव्या हिश्शालाही पुरती पोहोचणार नाही. हा हिशेब आधी मनाशी पक्का करावा. निम्मी भीती येथेच जाते. पदर कापू नये. तो शेवटपर्यंत जसाच्या तसा राहू द्यावा.

आता कापड पारखावे. लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. काष्ट्याच्या आणि बैठकीच्या जागी ते विरते. निऱ्यांत दडलेला भाग बहुधा दणकट राहतो. दिवसा उजेडासमोर लुगडे धरून पाहावे. जेथे उजेड चाळणीतून आल्यासारखा दिसतो, ती जागा सोडावी. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड हलके ताणावे. सूत सरकले किंवा बारीक कुरकुर ऐकू आली तर तेथे शिवण टिकणार नाही. काळ्या कापडाविषयी थोडी अधिक सावधगिरी हवी. आपल्याच रानातल्या हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोखंडाचा क्षार ह्यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो, आणि पूर्वी कापड रंगविण्यास तो वापरीत असत. अशा लोहमिश्रित रंगाने सूत कालांतराने ठिसूळ होते. हल्लीचे रंग कारखान्यातले असले तरी परीक्षा करून घेणे बरे. एक पांढरी चिंधी ओली करून लुगड्यावर घासावी. चिंधीला काळे लागले तर झबल्याच्या आत मुलाला एक जुने पांढरे मलमलीचे झबले घालावे. कारण वर्षाचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते.

जुन्या कापडाचा एक मोठा गुण सांगितला पाहिजे. शेकडो धुण्यांनी ते आटायचे तेवढे आटून गेलेले असते आणि त्याची खळ निघून ते मऊ पडते. बाळाची दुपटी आजीच्या लुगड्याची करण्याची आपली जुनी रीत केवळ काटकसरीची नव्हती. मात्र झबल्याला गळपट्टी किंवा अस्तर नव्या सुती कापडाचे लावावयाचे असेल, तर ते नवे कापड आदल्या दिवशी पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे. तसे न केल्यास पहिल्या धुण्यात नवे आटते, जुने आटत नाही, आणि सबंध झबले चुण्या पडून आखडते.

नंतर माप. मुलाला निजवून किंवा खेळवीत घ्यावे. ओढून धरू नये. छातीचा घेर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी आणि डोक्याचा घेर अशी तीन मापे हवीत. डोक्याचे माप कशाला, असे कोणी विचारील. परंतु नवशिक्या हातांची पहिली चूक नेमकी तेथेच होते. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर जवळजवळ छातीएवढाच, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर असतो. मानेचे माप घेऊन गळा कापला की झबले सुंदर दिसते, फक्त ते डोक्यातून आत जात नाही! म्हणून गळा मानेपुरता ठेवून मागच्या बाजूस मध्यावर १२ सेंटिमीटरांचा काप द्यावा. गळ्याचा घेर २७ आणि कापाच्या दोन बाजू मिळून २४, म्हणजे ५१ सेंटिमीटरांची वाट झाली. ४६चे डोके तीतून सुखाने जाते.

आता बेतणे, आणि तेही कापडावर नव्हे, वर्तमानपत्राच्या कागदावर. छाती ४६, तीत सैलपणासाठी १० मिळवले की ५६ झाले. त्याचा चौथा भाग १४, त्यावर दीड सेंटिमीटर माया, एकूण साडेपंधरा. कागदाची प्रथम उभी घडी घालावी आणि मग आडवी घालावी. आडवी घडी म्हणजे खांदा, उभी घडी म्हणजे अंगाचा मध्य. मध्यापासून साडेपंधरा सेंटिमीटरांवर कुशीची रेघ ओढावी. बाही मध्यापासून २५ सेंटिमीटरांपर्यंत बाहेर न्यावी, आणि खांद्यापासून साडेचौदा सेंटिमीटर खाली काखेची खूण करावी. बाही व कूस जेथे मिळतात तेथे कोपरा न ठेवता गोलाई द्यावी. गळा मध्यापासून बाजूला ५, पुढे खाली ५ आणि मागे फक्त २ सेंटिमीटर खोल घ्यावा. लांबी मुलाच्या मापाची, आणि तीत तळच्या दुमडीसाठी ४ सेंटिमीटर अधिक.

हा कागद कापून मुलाच्या अंगाशी धरून पाहावा. त्यानंतर जुन्या चादरीच्या किंवा धोतराच्या तुकड्यावर तो ठेवून एक कच्चे झबले कापावे, लांब टाक्यांनी जोडावे आणि प्रत्यक्ष मुलाला घालून पाहावे. काख रुतते काय, गळा उतरतो काय, हे तेथे कळते. ज्या चुका होणार असतील त्या ह्या तुकड्यावर होऊ द्याव्यात. पुष्कळ भगिनींना हा दुप्पट खटाटोप वाटतो. परंतु आत्याबाईंनी विचारले होते, दुसरे लुगडे कोठून आणू? त्याचे उत्तर हेच आहे की दुसरे लुगडे म्हणजे ही जुनी चादर. तिच्यावर हात बसला म्हणजे मग आईचे लुगडे हाती घ्यावे. कापडाचा उभा धागा झबल्याच्या लांबीच्या दिशेने येईल असे पाहावे. तिरपे कापलेले कापड धुतल्यावर एका अंगाला ओढते.

शिवण हाताने घालावी. शेजारी यंत्र असले तरी पहिल्या कामाला ते नको. यंत्र जितक्या वेगाने शिवते तितक्याच वेगाने चुकते, आणि त्याची बारीक टीप उसवताना जुने कापड फाटते. प्रथम कच्चा धावदोरा घालून तुकडे जोडावेत; मग खांद्याच्या घडीला हात न लावता दोन्ही कुशी आणि बाह्यांच्या खालच्या बाजू ह्यांवर उलट्या टाक्याची टीप घालावी. धावदोऱ्याचा एक टाका तुटला तर शेजारचे सैल पडतात; उलट्या टाक्यात सुई दर वेळी मागे येऊन पुढे जाते, म्हणून प्रत्येक टाका मागच्याला धरून राहतो. काखेच्या गोलाईत मायेला कात्रीने दोनतीन बारीक काप द्यावेत, टिपेला मात्र धक्का लागू देऊ नये. त्याने गोलाई ओढत नाही. तळाची दुमड हेम घालून बसवावी, आणि लुगड्याचाच तांबडा काठ तीवर लावावा. मागच्या कापाला पट्टी लावून एक प्रेसबटण घट्ट शिवावे. गळ्याशी लांब बंद ठेवू नयेत, ते मानेला गुंडाळण्याचा संभव असतो. आणि जुन्या गृहिणींचा एक नियम विसरू नये: कामाला बसताना सुया आणि टाचण्या मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात. ज्या घरात रांगते मूल आहे त्या घरात हा नियम कशिद्याहून मोठा.

शिवणकाम शिकावयाचे तर कोणी शिकविणारे हवे, ही अडचण खरी आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवासदन काढले, आणि तेथे पुढे शिक्षणाबरोबर शिवणकामाचेही वर्ग चालले. कित्येक स्त्रियांना त्या सुईने स्वतःच्या पायांवर उभे केले. डोंगरातल्या भगिनीला असा वर्ग दाराशी मिळेलच असे नाही. तिने एक अंगास बसणारे जुने झबले घ्यावे आणि त्याची एक कूस उसवून पाहावी. माया किती सोडली आहे, टाका कोठून फिरला आहे, हे ते झबलेच सांगते. त्याच्यासारखा मुकाट आणि न रागावणारा शिक्षक दुसरा नाही.

झबले झाले, आता दागिने. बोरन्हाण हा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करावयाचा लहान मुलांचा सोहळा. मुलाला काळे कपडे घालून, हलव्याचे दागिने चढवून, पाटावर बसवितात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे व हलवा ओततात. काळे कापड ऊन शोषून ऊब देते, म्हणून थंडीच्या ह्या एका सणाला काळ्याचा मान. आणि काळ्यावर पांढरा हलवा जसा खुलतो तसा दुसऱ्या कोणत्याही रंगावर खुलत नाही.

हलवा मात्र प्रथमच करणाऱ्या भगिनीने घरी करावयास घेऊ नये. तीळ किंवा खसखस परातीत मंद आंचेवर ठेवून, एकतारी पाक चमचाचमचाने घालीत, हाताने सारखे घोळवावे लागते. पाकाचा प्रत्येक पातळ थर वाळून आधीच्या साखरेच्या कणांवर नवे कण बसतात, आणि असे होता होता दाण्याला काटा फुटतो. घाई करून पाक अधिक घातला तर दाणे एकमेकांस चिकटून गोळा होतो, तो सुटत नाही. ही बिनपरतीची पायरी अनुभवी हातांकडेच राहू द्यावी. हवा कोरडी व थंड असली तरच काटा नीट येतो. संक्रांत आणि हलवा ह्यांची गाठ हवेनेही घातलेली आहे. जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत तळेघरच्या पावसात हाच हलवा उघडा ठेवला तर पाणी सुटून बसेल. तेव्हा हलवा विकत आणावा, पण दागिने घरी करावेत.

हलव्याला भोक पाडण्याचा प्रयत्न करू नये, दाणा फुटतो. काळा जाड दोरा दुहेरी घ्यावा, दोन्ही पदरांमध्ये एक दाणा धरावा आणि त्याच्यापुढे गाठ मारावी. मग दुसरा दाणा, मग दुसरी गाठ. दाण्याचा काटा दोऱ्याला धरतो, म्हणून तो निसटत नाही. येथेही माया हवी. गाठी दोरा खातात. तयार सर जेवढा हवा त्याच्या तिप्पट दोरा घेऊन बसावे. दोरा मध्येच संपला तर जोड उठून दिसतो.

वर्षाच्या मुलाला पाच दागिने पुरे: मुकुट, दोन मनगट्या, दोन वाळे. जाड कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर काळे कापड चढवावे आणि त्यांवर हलव्याचे सर टाके घालून बसवावेत. लुगड्याच्या कापणीतून उरलेल्या चिंध्या ह्याच कामी येतात. गळ्यातला हार सुटा करू नये. तो झबल्याच्या छातीवरच कच्च्या टाक्यांनी टाचावा. दिसावयास हार, ओढला तरी मानेला फास नाही, आणि सोहळा झाल्यावर टाके उसवून झबले धुता येते. एक गोष्ट निक्षून सांगते. हलव्याचा दाणा, बोराची आठोळी, शेंगदाणा ही लहान मुलाच्या घशात अडकण्याजोगी आहेत. म्हणून ओतताना वर्षाच्या मुलाच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे ओतावेत, बाकीचा खाऊ भोवतालच्या मोठ्या मुलांसाठी ताटात ठेवावा, आणि छायाचित्र निघाले की दागिने उतरवावेत.

राहता राहिला केक. भट्टी नाही म्हणून अडून राहावयाचे कारण नाही. गोव्याचे बिबिंक थरावर थर देऊन भाजतात, ते परंपरेने वरून निखाऱ्यांची आंच देऊनच. आपणही जाड बुडाचे एक जुने पातेले घ्यावे, तळाशी दोन बोटे जाड कोरडी वाळू पसरावी, तीवर लहानशी अडणी ठेवावी आणि झाकण घालून मंद आंचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. वाळू आंच धरून ठेवते आणि सगळीकडे सारखी पोहोचविते. त्यामुळे केकचा तळ करपत नाही. चूल असेल तर झाकणावर थोडे निखारे ठेवावेत.

पिठासाठी नाचणीचे पीठ १०० ग्रॅम आणि कणीक १०० ग्रॅम घ्यावी. नुसत्या नाचणीचा केक भुगा होतो, कारण पिठाला ताणून धरणारे चिकट द्रव्य गव्हात असते, नाचणीत नसते. दोन्ही पिठे पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून तीनदा चाळावीत. दुसऱ्या भांड्यात २५० मिलिलिटर दाटसर आंबट ताक, १२५ ग्रॅम किसलेला गूळ आणि १०० ग्रॅम पातळ केलेले तूप एकत्र करावे. केकचा डबा तूप लावून व पीठ भुरभुरून तयार ठेवावा, पातेले तापलेले असावे, आणि मगच ओले कोरड्यात मिसळावे. ही येथील बिनपरतीची पायरी. ताकातील आम्ल सोड्याला भेटले की वायूचे बुडबुडे सुटू लागतात, आणि तेच बुडबुडे केकला फुगवितात. मिसळून ठेवून आपण डबा शोधीत बसलो तर ते निघून जातात. गुठळ्या मोडतील एवढेच ढवळावे आणि लगेच डब्यात ओतावे.

डबा अर्धाच भरावा. ही पातेल्यातली माया. तिच्यावाचून केक डब्याबाहेर उतू जातो आणि मधोमध कच्चा राहतो. पहिली २५ मिनिटे झाकण उघडू नये. बुडबुड्यांभोवतालचे पीठ अजून घट्ट झालेले नसते, आणि गार वारा लागताच केक खाली बसतो. चाळीस ते पन्नास मिनिटांनी विणकामाची स्वच्छ सुई मध्यभागी खुपसावी. ती कोरडी निघाली की केक झाला.

एक सूचना आईबापांसाठी. दोन वर्षांखालील मुलाला साखर वा गूळ देऊ नये, असे आजचे आरोग्यशास्त्र सांगते. तेव्हा वाढदिवस ज्याचा, त्याच्यासाठी चाळलेल्या पिठातले चार चमचे आधीच वेगळे काढावेत, त्यांत कुस्करलेले केळे आणि थोडे ताक घालून एक लहानशी वाटी त्याच पातेल्यात भाजून घ्यावी. तो त्याचा केक. मोठा केक आपला.

सजावटीची भगिनींना उगाच धास्ती वाटते. जिला रांगोळीचे ठिपके मांडता येतात, करंजीला मुरड घालता येते, मेंदीची सुरळी धरता येते, तिला केक सजविता येतोच. लोण्याची सजावट डोंगरातल्या थंडीत टिकेल. पण लोणी ३२ ते ३५ अंशांच्या सुमारास वितळते, म्हणून उन्हाळ्यातील वाढदिवसाला ती कामाची नाही. सर्वांत सोपी रीत अशी: १०० ग्रॅम पिठीसाखर मलमलीतून चाळून घ्यावी आणि तीत दूध थेंबाथेंबाने, एकंदर तीनचार चहाचे चमचे, घालून घोटावे. चमच्याने ओढलेली रेघ दहा आकडे म्हणेपर्यंत मोडली नाही, म्हणजे दाटपणा बरोबर झाला. तेलकट कागदाची सुरळी करून ते मिश्रण तीत भरावे आणि टोक अगदी बारीक कापावे. टोक मोठे करता येते, लहान करता येत नाही!

हात प्रथम पालथ्या ताटावर चालवावा. बिघडलेली नक्षी खरवडून पुन्हा सुरळीत भरता येते; ही पायरी पूर्णपणे परतीची आहे, तेव्हा वाटेल तितक्या वेळा चुकावे. केक मात्र पुरता गार झालेला असावा, नाहीतर साखर पाघळून वाहते. नाचणीचा केक तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके आणि कडेने पांढरी वेल, म्हणजे काळ्या झबल्यावरचा हलवाच जणू. दोन्हींची जोडी आपोआप जमते.

शेवटी दिवसांचा हिशेब. ही तिन्ही कामे आदल्या दिवशी घेणारी भगिनी रात्रभर जागते आणि सकाळी मुलावर चिडते. पंधरा दिवस आधी कागद आणि कच्चे झबले व्हावे. पुढच्या आठवड्यात लुगडे बेतावे आणि रोज थोडी शिवण घालावी. चार दिवस आधी दागिने करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. केक एकदा नुसता करून पाहावा, तो घरच्यांनी खाऊन टाकावा, आणि खरा केक आदल्या संध्याकाळी भाजून सकाळी सजवावा. मध्ये एखादा दिवस पाहुणा आला, मूल तापले, सूत संपले, तरी बिघडणार नाही एवढी मोकळीक असू द्यावी.

तळेघरच्या भगिनीला आता एवढेच सांगावयाचे आहे. झबले बेतून झाल्यावर सात मीटरांहून अधिक लुगडे पदरासह शिल्लक राहील. त्याला पुन्हा कात्री लावू नका. विरलेला भाग आत जाईल अशा घड्या घालून त्याची गोधडी घाला. तिला कापावे लागत नाही, नुसता धावदोरा लागतो, आणि तो तुम्हाला तोवर चांगला येऊ लागलेला असेल. झबल्याच्या कुशीत सोडलेली दीड सेंटिमीटर माया मात्र छाटून टाकू नका. मूल वाढते. पुढच्या संक्रांतीला एक टीप उसवून तीच माया बाहेर सोडली, की आजीचे लुगडे नातवाला आणखी एक वर्ष पुरेल.